गोळेश्वरचे खाशाबा

श्रावणात मंडळाची पहिली बैठक झाली. वर्गणीचा आकडा, मांडवाचे माप, मूर्ती शाडूची की नेहमीची, महाप्रसादाला आचारी कोण, हे सगळे रिवाजाप्रमाणे तासाभरात आटोपले आणि थोरली माणसे चहाकडे वळली. तरुण पोरे मात्र जागची उठेनात. त्यांच्यात वेगळाच वाद रंगला होता. ऑलिंपिकच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा वेटलिफ्टर कोण?

एका गटाचा नाईम सुलेमानोग्लू. उंची पाच फुटांच्या आत, पण १९८८ मध्ये सोलला ६० किलो गटात त्याने १९० किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. ओळीने तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. दुसऱ्या गटाचा ग्रीसचा पिरोस दिमास. त्याचीही तीन सुवर्णे आणि वर २००४ मध्ये स्वतःच्या देशात अथेन्सला कांस्य. तिसरा एक पोरगा, कलबुर्गीला इंजिनिअरिंग शिकणारा, एकटाच जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेसाठी भांडत होता. रिओ, टोकियो, पॅरिस, तिन्हीकडे सुवर्ण आणि दोन्ही प्रकार मिळून ४९२ किलोंचा जागतिक विक्रम. आकडा बोलतो, मग वाद कशाला, असे त्याचे म्हणणे.

मी आमच्या काळचा वासिली अलेक्सेयेव पुढे केला. ८० जागतिक विक्रम करणारा रशियन. तर पोरांनी विचारले की त्याची बेरीज किती. बेरीज सांगितली असती तर ती ६०० किलोंच्या पुढची निघाली असती, कारण त्याच्या काळात तीन प्रकारांनी वजन उचलत. उभ्याने दाबून वर न्यायचा ‘प्रेस’ हा प्रकार १९७२ नंतर बंद झाला. खेळाडू पाठ इतकी मागे वाकवू लागले की उचल खरी की खोटी हे पंचांना ठरवता येईना. वजनी गटही पुन्हा पुन्हा बदलले. म्हणजे आकडा बोलतो खरा, पण प्रत्येक काळाची भाषा वेगळी. त्यातून त्या खेळाला उत्तेजक औषधांचा जो रोग लागला, त्याने कित्येकांच्या आकड्यांवर काळा डाग ठेवला आहे, तो वेगळाच.

वाद मिटला नाही. मिटूही नये, गणपतीच्या बैठकीत असले वाद हवेतच. पण घरी जाताना मला एक गोष्ट टोचत राहिली. तासभर चाललेल्या त्या बोलण्यात तुर्कस्तान आले, ग्रीस आले, जॉर्जिया आला. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर काही आले नाही. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ज्याने मिळवून दिले, तो आपल्याच भाषेत बोलणारा मल्ल होता, हे त्या पोरांपैकी दोघांनाच ठाऊक होते आणि त्यातल्या एकाला ते गूगलच्या पानावर खाशाबांचे चित्र आले त्या दिवशी कळले होते. ते चित्र १५ जानेवारी २०२३ ला आले होते. म्हणून संपादकांनी यंदा लेख मागितला तेव्हा विषय ठरलेलाच होता.

खाशाबा वजन उचलणारे नव्हते, कुस्तीगीर होते, हे मान्य. पण आपल्या तालमीत, किंवा इकडे कानडीत म्हणतात त्या गरडीत, हा भेद कधी कुणी केला? एकाच आखाड्यात जोर-बैठका, मुद्गल, दगडी गुंडा आणि लाल माती. जत्रेत सकाळी गुंडा उचलायची पैज आणि दुपारी फड. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर, कुठल्याही बाजूच्या जुन्या माणसाला विचारा. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून चांदीच्या कड्याच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत फड कसा चढत जायचा ते तो डोळे मिटून सांगेल. त्या फडात मराठी पैलवान आणि कानडी पैलवान असे दोन रकाने नव्हते. आपल्या शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार इथल्याच मातीतून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले आणि १९७० साली राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण घेऊन आले. कोल्हापूर ही आपली सगळ्यांची कुस्तीची काशी. खाशाबाही तिथेच घडले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला लागून असलेल्या गोळेश्वर गावात. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. अशा घरात मूल चालायला लागले की तालमीत जाते, तसेच झाले. घरची शेती, कृष्णा-कोयनेच्या काठचा मुलूख, दूधदुभते. पोर मात्र अंगापिंडाने थोराड नव्हते. पैलवान म्हटला की गर्दन आणि छाती डोळ्यांत भरली पाहिजे असा आपला समज. खाशाबांना पाहून तो समज हिरमुसत असणार. त्यांची ताकद दिसण्यात नव्हती, चपळाईत होती. पुढे परदेशी लोकांनी त्यांना पॉकेट डायनॅमो म्हटले आणि नाईमला पुढल्या पिढीत पॉकेट हर्क्युलस म्हटले. खिशात मावणारी ही दोन माणसे.

शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ती वर्षे १९४० ते १९४७ ची. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता. बेचाळीसची चळवळ, पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. भूमिगतांना आसरा देण्यात, निरोप पोचवण्यात गोळेश्वरच्या या शाळकरी पैलवानाचाही हात होता. त्यानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळी पैलवान म्हणजे शाळा सोडलेला, असे समीकरण होते. खाशाबांनी पुस्तक आणि लंगोट दोन्ही हातांत धरले. कोल्हापुरात त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी असे दोन वस्ताद लाभले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडायची, अंग वळवायचे आणि त्याचाच भार वापरून त्याला पाठीवर आणायचे. छोट्या चणीच्या माणसाने मोठ्याला पाडायचे तर यासारखा डाव नाही.

१९४८ ला लंडनला ऑलिंपिक ठरले. महायुद्धामुळे दोन वेळा स्पर्धा झाल्याच नव्हत्या, त्यानंतरची ही पहिली, आणि स्वतंत्र भारताचीही पहिलीच. खाशाबांची निवड झाली. जायला पैसे कुठले? कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचा हा पोरगा लंडनला पोचला.

तिथे समोर काय, तर गादी. आपल्या मातीत पाय रुततो, घाम लागलेले अंग मातीने पकडीत येते, एक कुस्ती अर्धा-अर्धा तास चालते. गादीवर पाय सरकतो, घामाने अंग निसटते आणि वेळेचे बंधन असते. मातीत पाठ टेकवली की जिंकले, मधले हिशेब नाहीत. गादीवर प्रत्येक पकडीला गुण. थोडक्यात, वरवर सारखा दिसणारा पण मुळातून वेगळा असा खेळ. खाशाबा त्याआधी गादीवर खेळलेलेच नव्हते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना लंडनमध्ये थोडे धडे दिले. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. शेवटी सहावा क्रमांक. गादीची ओळख जेमतेम झालेल्या माणसाचा जगात सहावा क्रमांक.

इथे क्षणभर आपल्याकडे वळतो. त्या १९४८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बिदर-गुलबर्ग्यात ऑलिंपिकची बातमी कोण वाचणार होते? निजामाचे राज्य होते, रझाकारांची दहशत होती, सीमेवरची कित्येक घरे बायकामुलांसह सोलापूर-बार्शीकडे निघून गेली होती. पोलीस अ‍ॅक्शन सप्टेंबरात झाली. आमच्या वडिलांच्या पिढीला खाशाबांचे नाव कळले ते त्यानंतर चार वर्षांनी, आणि तेही फडातल्या बोलण्यातून.

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी गादीचा ध्यास घेतला. वजन वाढले तसा गट बदलला, फ्लायवेटचे ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोंत आले. १९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमध्ये हेलसिंकीला होणार होते. लंडनचा सहावा क्रमांक पाठीशी असताना निवड सहज व्हायला हवी. झाली नाही. मद्रासच्या निवड स्पर्धेत ते एका गुणाने मागे राहिले आणि त्या गुणामागे कुस्तीपेक्षा वशिला जास्त आहे अशी त्यांची खात्री होती. दुसरा कुणी नशिबाला दोष देत गावी परतला असता. खाशाबांनी कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी बंगालच्या निरंजन दासबरोबर त्यांची कुस्ती पुन्हा लावली. ती त्यांनी अशी जिंकली की गुण मोजायची वेळच येऊ नये.

आमच्या बैठकीतल्या वादाशी याचा संबंध आहे, म्हणून सांगतो. वजन उचलणाऱ्याला निदान हे सुख असते की लोखंडाला भाऊबंद नसतात. दांडी वर गेली की गेली. कुस्तीगिराचे तसे नाही. त्याला समोरच्या मल्लाशी झगडावे लागतेच, शिवाय गुण देणाऱ्याशी, यादी करणाऱ्याशी आणि तिकिटाचे पैसे देणाऱ्याशीही झगडावे लागते.

तिकिटाच्या पैशांची कथा तर पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. निवड झाली, पण जायचा खर्च ज्याचा त्याने करायचा. मुंबई सरकारकडे मदत मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. मग खाशाबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी दारोदार फिरून पैसे गोळा केले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तसे दिले. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! प्राध्यापकाचा पगार तेव्हा शेकड्यात होता. आपल्या विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला जाता यावे म्हणून एका शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर गहाण ठेवले. या लेखात खाशाबांच्या बरोबरीने कुणाचा फोटो छापायचा असेल तर तो खर्डेकर सरांचा छापावा.

जुलै १९५२. हेलसिंकीत तेव्हा दिग्गजांची जत्रा भरली होती. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला उतरला होता. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन तिन्ही शर्यती जिंकत होता. वेटलिफ्टिंगमध्ये अमेरिकेच्या टॉमी कोनोने ६७.५ किलो गटात सुवर्ण घेतले. जपानी वंशाचा म्हणून महायुद्धात ज्याला घरच्यांसह छावणीत कोंडले होते, आणि त्या छावणीतच ज्याने वजने उचलायला सुरुवात केली, तो हा दम्याने आजारी असलेला पोरगा. जड गटात होता जॉन डेव्हिस, ४०० पौंडांहून अधिक वजन खांद्यावरून डोक्यावर नेणारा पहिला हौशी खेळाडू. त्याने लंडनपाठोपाठ हेलसिंकीतही सुवर्ण घेतले. सगळ्यांत मोठा वेटलिफ्टर कोण याच्या यादीत ही दोन नावे पोरांनी घालावीत, असे माझे सुचवणे आहे. डेव्हिसची आठवण पुढेही निघणार आहे.

कुस्तीत त्या वेळी एक हार झाली म्हणजे बाहेर, असे नव्हते. हरला की वाईट गुण जमा होत, गुणांवर जिंकला तरी थोडे जमा होत, चितपट केली तर एकही नाही. ठरावीक मर्यादा ओलांडली की पैलवान बाद. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी.

इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली. दोघेही चपळ, दोघेही दमाचे. खाशाबा थोडक्यात हरले. हा इशी पुढे सुवर्ण घेऊन गेला. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण, आणि जपानच्या कुस्तीचे पहिलेच. म्हणजे हार लहान माणसाकडून झालेली नव्हती.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम दाखवून पंचांशी बोलणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबांना परकी भाषा, परका मुलूख, अंगात इशीबरोबरच्या कुस्तीचा थकवा. ते तसेच उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

विश्रांती मिळाली असती तर रौप्य आले असते का? सुवर्ण आले असते का? मला विचाराल तर हे छातीठोक सांगता येणार नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मामेदबेयोव काही ऐरागैरा नव्हता. पण ती कुस्ती न्यायाने झाली असती, एवढे नक्की. हातातोंडाशी आलेले पदक प्रतिस्पर्ध्याने हिसकावले तर वाईट वाटते. आपल्याच माणसाच्या गैरहजेरीने गेले तर ते वाईट वाटणे वेगळ्या जातीचे असते. सत्तर वर्षांनीही ते सलते.

त्याच संघात कोल्हापूरचेच केशव माणगावे होते. ते वरच्या, फेदरवेट गटात चौथे आले. एका शहराच्या तालमींतले दोन मल्ल एकाच ऑलिंपिकमध्ये तिसरे आणि चौथे. चौथ्याचे नाव कुणाला आठवत नाही. मीही ते हा लेख लिहायला बसलो तेव्हाच पुन्हा वाचले.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने हॉकीचे सुवर्ण जिंकले. अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर ६-१, त्यात बलबीरसिंगांचे पाच गोल. साहजिकच देशभर हॉकीचा जयजयकार झाला. त्या गजरात ५७ किलोंच्या मराठी माणसाचे कांस्य थोडे दबून गेले.

कऱ्हाडला मात्र दबले नाही. खाशाबा गाडीतून उतरले तेव्हा स्टेशनावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. शंभराहून जास्त सजवलेल्या बैलगाड्या, ढोल-लेझीम, गुलाल, ओवाळायला सुवासिनी. स्टेशनापासून पाव तासाच्या वाटेला त्या मिरवणुकीने दिवसातले कित्येक तास घेतले. सरकारी सत्कार नव्हता. ज्यांनी चार-आठ आणे वर्गणी दिली होती, त्यांनीच आपल्या पोराला घरी नेले.

मग खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवले. ऑलिंपिकचा पदकविजेता कर्ज फेडण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला. मला हेलसिंकीतल्या पाचही कुस्त्यांपेक्षा ह्या कुस्त्या मोठ्या वाटतात. मंडळातल्या माझ्या एका मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो की ऋण फेडणे हे कर्तव्य, त्याला पराक्रम कशाला म्हणायचे. असो, त्याचेही खरे असेल.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालली होती, पण गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिंपिक राहिले. ऑलिंपिकची कहाणी तिथे संपली, वय अवघे तीस. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपले बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. कऱ्हाड-कोल्हापूर आपल्याला परराज्यच राहिले, पण पैलवानांची जा-ये थांबली नाही.

पोलीस खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पुढे राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षकाचे काम केले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याविषयी जे जे वाचायला मिळते त्यात एक सूर सारखा आहे. हा माणूस स्वतःविषयी बोलत नसे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच. एरवी निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. निवड समितीशी झगडा, पैशासाठी झगडा, विश्रांतीच्या अर्ध्या तासासाठी झगडायला कुणीच नव्हते, आणि शेवटी हक्काच्या पेन्शनसाठी झगडा.

१४ ऑगस्ट १९८४ ला एका रस्ता अपघातात खाशाबा गेले. वय ५८. लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक संपून दोनच दिवस झाले होते. त्याच स्पर्धेत पी. टी. उषाचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते आणि सारा देश हळहळत होता. खाशाबांनंतरचे पहिले वैयक्तिक पदक तेव्हा इतके जवळ येऊन गेले होते. ते पदक यायला अजून बारा वर्षे लागणार होती. आणि जॉन डेव्हिस, लंडन आणि हेलसिंकी दोन्हीकडे खाशाबांबरोबर असलेला तो वजन उचलणारा, तोही त्याच वर्षी, महिनाभर आधी, जुलैत अमेरिकेत वारला. पंधरा वर्षे ज्याला कुणी हरवू शकले नव्हते, त्याने पोटासाठी तुरुंग खात्यात नोकरी केली. एक तुरुंगात, एक पोलिसात.

त्यानंतरचा हिशेब लवकर सांगून टाकतो. १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने टेनिसचे कांस्य घेतले तेव्हा ४४ वर्षांचा उपास सुटला. २००० मध्ये सिडनीला कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून कांस्य आणले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री आणि वेटलिफ्टिंगमधले आपले पहिले पदक. २०२१ मध्ये टोकियोला मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२ किलो उचलून त्याचे रौप्य केले. पोरांच्या यादीत ह्या दोघी नव्हत्या, हे त्यांच्या आयांनी त्यांना विचारावे. आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतले. महाराष्ट्राच्या खेळाडूला खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मिळालेले हे वैयक्तिक पदक, आणि तेही कोल्हापूरकडचेच.

खाशाबांना मान मिळाले ते गेल्यावर. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदीच्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त स्टेडियमला त्यांचे नाव दिले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन झाला आहे. पद्म पुरस्कार मात्र नाही, आणि त्यासाठी घरच्यांनी किती अर्ज केले असतील ते त्यांनाच ठाऊक. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल होणार अशी घोषणा झाली होती. ते वर्षानुवर्षे रखडले, तेव्हा २०१७ साली त्यांच्या चिरंजीवांनी वडिलांचे पदकच लिलावात काढून त्या पैशातून तालीम बांधण्याची तयारी दाखवली, अशा बातम्या आल्या होत्या. बापाने कुस्ती खेळून गुरूचे घर सोडवले आणि लेकावर बापाचे पदक मोडण्याचा विचार करायची वेळ आली. ती बातमी मी तेव्हा दोनदा वाचली होती.

आता पोरांच्या प्रश्नाकडे. मी त्यांना दुसऱ्या बैठकीत ही सगळी हकीकत सांगितली. तालाखाद्झेवाला पोरगा हुशार आहे. त्याने लगेच हरकत घेतली की तीन सुवर्णांपुढे एक कांस्य कसे ठेवायचे, आणि माती सोडून लोखंडाची गोष्ट चालली असताना आजोबांनी कुस्तीगीर का आणला. हरकत रास्त आहे. तालाखाद्झेचे ४९२ किलो हे ४९२ किलोच, ते मी कमी करू शकत नाही. मी त्याला एवढेच विचारले की त्या दांडीला एका बाजूने खर्डेकर सरांचे घर, दुसऱ्या बाजूने मद्रासचा तो एक गुण आणि मधोमध न मिळालेला अर्धा तास लावला, तर वजन किती भरेल. तो हसला. मग म्हणाला की हे फाउल आहे, काट्यावर न मावणारे वजन धरता येत नाही. त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

पण पोरांनी आपसांत काहीतरी ठरवले दिसते. यंदा मांडवाच्या डाव्या अंगाला, जिथे दरवर्षी देणगीदारांचा फलक असतो, त्याच्या शेजारी खाशाबांचा फोटो लागणार आहे. पाचव्या दिवशी लहान मुलांच्या जोर-बैठकांच्या स्पर्धा आहेत, बारा वर्षांखालील आणि वरचे असे दोन गट. मुलींचा गट वेगळा ठेवावा की एकत्र, यावर अजून वाद चालू आहे. नावे कार्यालयात द्यावीत.